बडोदेकर, कुर्डीकर, मंगेशकर

मराठी संगीताच्या इतिहासात कलावंताचे पाळण्यातले नाव पुष्कळदा चरित्रकारालाच ठाऊक असते. नारायण श्रीपाद राजहंस म्हटले तर क्षणभर थांबावे लागते. बालगंधर्व म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याची परंपराच झाली. कुंदगोळचे रामभाऊ ‘सवाई गंधर्व’ झाले, सौदागर नागनाथ गोरे ‘छोटा गंधर्व’ झाले, आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ ‘कुमार गंधर्व’ म्हणून देशभर कीर्ती पावले. ही नावे इतरांनी कौतुकाने दिलेली, पदवीसारखी मिरवावयाची.

याच काळात दुसऱ्या तऱ्हेची नावेही रूढ होत होती. त्यांत मिरवणे नव्हते. होता तो आडोसा.

गोव्यातील कलावंत समाजातल्या मुलींना पित्याचे आडनाव लावण्याची सोय बहुधा नसे. मराठीतील ‘कर’ हा प्रत्यय तेथे उपयोगी पडला. तो माणसाचे गाव सांगतो. जात आणि पितृकुल यांविषयी मौन पाळतो. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. मास्टर दीनानाथांचे वडील गणेशभट अभिषेकी हे मंगेशीच्या देवळातले पुजारी, आई येसूबाई कलावंत कुळातल्या. मुलाने गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले. वरवर पाहता ही आडनावे सातारकर-पंढरपूरकरांच्या पंक्तीतलीच. त्यांचे सामर्थ्य या साधेपणातच होते.

‘बडोदेकर’ या नावाची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ बडोद्यास दरबारी गायक असताना तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी संसार थाटण्याचे ठरविले आणि त्यापायी त्यांना बडोदे सोडावे लागले. पुढे मिरजेत बिऱ्हाड झाले. तेथेच १९०५ साली चंपाकलीचा जन्म झाला. कालांतराने ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावेही पालटली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई, सकीना सरस्वती. थोरल्या मुलाने आईचे आडनाव लावले. हिराबाईंनी आईचे शहर लावले. ज्या शहरातून आईवडिलांना निघावे लागले आणि जेथे स्वतःचा जन्मही झाला नव्हता, त्याच शहराच्या नावाने ही गायिका आयुष्यभर ओळखली गेली! तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या आरंभीच्या गायिकांत त्यांची गणना होते. नाव दर्शनी पाटीवर छापले जाणार होते. अशा वेळी त्या नावाने श्रोत्याच्या मनात गाण्याआधी दुसरा प्रश्न उभा न करणे अगत्याचे होते.

गाण्याने मात्र काही लपविले नाही. हिराबाईंची तालीम किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँकडे झाली, आणि पित्याच्या घराण्याचा संथ, आर्त स्वर नाव बदलूनही गळ्यातच राहिला.

मोगूबाईंचे कुर्डी गाव १९८० च्या दशकात साळावली धरणाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती आणि देऊळ वर येते, जुने गावकरी तेथे जमतात. पावसाळ्यात गाव पुन्हा बुडते. कुर्डीकर हे नाव ध्वनिमुद्रिकांवर आहे.