तळटीप १४ : ‘जॉग’ आणि ‘स्प्रिंट’

१४. जामसर (ता. जव्हार, जि. पालघर) येथील शर्यतीच्या वर्णनात लेखकाने हे शब्द तसेच ठेवले आहेत. ‘जॉग’ म्हणजे दम न लागता संथ लयीत धावणे. ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरात सारा जोर लावणे, मैदानावर ४०० मीटरपर्यंतच. ‘ट्रॉट’, ‘गॅलप’ या मुळात घोड्याच्या चाली, आपल्या दुडकी आणि चौखूर यांसारख्या. ‘पळणे’त मात्र पळ काढण्याची छटा आहे, हाकेला माणूस धावतो, पळत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील कांस्यपदक १०,००० मीटरचे होते. हस्तलिखितात त्यांना ‘स्प्रिंटर’ म्हटले होते; ते येथे दुरुस्त केले आहे. — संपा.