इलेक्ट्रिक गाडीवर सायकल, स्की, लांब सामान कसं न्यायचं? टप, हिच रॅक आणि रेंजचं गणित

परदेशातला एक व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. इलेक्ट्रिक गाडी, आजूबाजूला बर्फ आणि गाडीच्या मागे एका लोखंडी दांड्यावर उभ्या लावलेल्या चार-पाच स्कीच्या जोड्या. आमच्या बोदवडला बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडे मिळतो तेवढाच. त्यामुळे तो व्हिडिओ बघून आपला काय संबंध, असं वाटू शकतं.

संबंध आहे. स्कीच्या जागी सायकल ठेवा, ठिबकच्या नळ्या ठेवा, पीव्हीसी पाइप ठेवा. प्रश्न तोच राहतो: लांब सामान गाडीच्या आत मावत नाही, मग ते टपावर बांधायचं की मागे? पेट्रोल गाडीत चुकलं तर थोडं जास्त तेल जळतं. इव्हीमध्ये चुकलं तर घरी पोचायची पंचाईत होते. माझी झाली होती, म्हणून हा लेख.

आधी माझा किस्सा

मी पुण्यात नोकरी करतो. धाकट्या भावासाठी आणि माझ्यासाठी घेतलेल्या दोन सायकली बोदवडला न्यायच्या होत्या. त्या टपावर उभ्या बांधल्या. छत्रपती संभाजीनगरला बॅटरी पूर्ण भरली. पुढे सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर, पहूर, जामनेर आणि बोदवड. याच रस्त्याने रिकामी गाडी नेली की घरी पोचल्यावर २५ टक्क्यांच्या वर चार्ज उरतो. त्या दिवशी जामनेर सोडल्यावर मी एसी बंद केला, काचा वर ठेवल्या आणि घामाघूम होऊन ८ टक्क्यांवर घरी पोचलो. दोन सायकलींचं वजन जेमतेम ३० किलो. मग एवढी बॅटरी गेली कुठे?

वजन नाही, हवा खाते बॅटरी

घाटात ५० किलो जास्तीचं वजन ३०० मीटर वर चढवायला सुमारे ४१ वॉट-तास ऊर्जा लागते. ३० किलोवॉट-तासाच्या बॅटरीत हे अर्धा टक्कासुद्धा नाही. उतारावर गाडी त्यातली थोडी परतही घेते.

हवेचं तसं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. टपावरचं सामान थेट वाऱ्याच्या तोंडावर येतं.

समजा एका मध्यम इव्हीचं सामान-माणसांसकट वजन १६०० किलो आहे आणि टपावरच्या बॉक्समुळे हवेचा विरोध २५ टक्के वाढतो. एसी चालू धरून मी केलेला हिशोब असा (दर किमी वॉट-तास):

- ताशी ५० किमी: रिकामा टप ९९, बॉक्ससह १०५
- ताशी ८० किमी: रिकामा टप १३३, बॉक्ससह १५१
- ताशी १०० किमी: रिकामा टप १७०, बॉक्ससह १९७

३० किलोवॉट-तासाच्या बॅटरीवर ताशी ८० ने रेंज साधारण २२६ किमीवरून १९९ किमीवर येते. हे नीट आकाराच्या बॉक्सचं झालं. उभ्या सायकली त्याहून वाईट, कारण हँडल, चाकं, सीट सगळंच वारा अडवतं.

आता वरच्या यादीतली एक गोष्ट बघा. टपावर बॉक्स घेऊन ताशी ८० ने गेलात, तर रिकाम्या टपाने ताशी १०० ने जाण्यापेक्षा बॅटरी कमीच लागते. म्हणजे सामान असेल तर पहिला उपाय फुकटचा आहे: वेग कमी करा.

खान्देशी उन्हाचा इथे एक फायदाही आहे. ४५ अंशांत हवा विरळ होते, त्यामुळे १५ अंशांच्या तुलनेत हवेचा विरोध नऊ-दहा टक्के कमी होतो. पण एसी तो फायदा बराचसा खाऊन टाकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

हिच रॅक म्हणजे काय?

गाडीच्या मागच्या बाजूला, बंपरच्या खाली, सांगाड्याला बोल्टने घट्ट बसवलेली एक चौकोनी पोकळ नळी असते. तिला हिच रिसीव्हर म्हणतात. अमेरिकेत तिचं नेहमीचं माप २ इंच किंवा सव्वा इंच असतं. या नळीत रॅकचा दांडा सरकवून पिन लावतात. युरोपात बहुधा ५० मिमीचा गोळा असतो आणि रॅक त्यावर पकडतो.

इव्हीवाले हिच रॅक का निवडतात? एक, गाडीच्या मागे हवा आधीच विस्कटलेली असते, त्यामुळे तिथल्या सामानाचा विरोध टपापेक्षा कमी पडतो. दोन, अनेक इव्हींना काचेचं छत असतं, त्यावर वजन टाकायची मर्यादा कडक असते. तीन, स्की किंवा सायकल डोक्यावर उचलावी लागत नाही.

मग मागे लावलं की झालं?

नाही. मागे तरफेचा खेळ सुरू होतो. समजा ५० किलो सामान मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे आहे आणि दोन चाकांमधलं अंतर २.५ मीटर आहे. मागच्या चाकांवर ७४ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा २४ किलो कमी होतो. आपल्याकडच्या बऱ्याच परवडणाऱ्या इव्हींची मोटर पुढची चाकं फिरवते. म्हणजे पकड हवी तिथेच ती कमी होते. पावसात चढावर हे जाणवतं.

खड्ड्यात हाच भार झटक्याने वाढतो. म्हणून रॅक, हिच आणि गाडी या तिघांच्या मर्यादांपैकी जी सगळ्यात कमी, तीच धरायची. रॅकचं स्वतःचं वजनही त्यातच मोजायचं.

इव्हीसाठी खास काळजी

- ड्रिल मारू नका. बॅटरी फरशीखाली असते आणि नारिंगी केबलमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो. कंपनीने हिचसाठी जागा दिली नसेल, तर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घ्यायचा विचार सोडा.
- दिव्याची वायर कापू नका. मागच्या दिव्याला परस्पर जोड दिला तर एरर येऊ शकते आणि वॉरंटीवर वाद होतो.
- सेन्सर आणि कॅमेरा. रॅक लावल्यावर रिव्हर्सचा सेन्सर सतत ओरडतो. तो बंद केलात तर मागे माणूस उभा करूनच गाडी मागे घ्या.
- चार्जिंग पोर्ट. तो मागच्या बाजूला असेल तर रॅक लावल्यावर झाकण उघडतं का आणि गन बसते का, हे घरीच बघा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कायमचा हिच बसवण्याआधी आरटीओत विचारा. आमच्याकडे एमएच-१९ म्हणजे जळगाव.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये ठरलेल्या मर्यादेबाहेर येणाऱ्या सामानासाठी २०,००० रुपये दंड आहे. शिवाय नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. आपल्या इव्हीची हिरवी प्लेट सायकलच्या चाकाआड गेली तर ‘सायकल होती साहेब’ हे उत्तर चालत नाही.

हिच नसेल तर?

भारतात बहुतेकांकडे नसतोच. मग डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक उरतो. दुसऱ्या खेपेला मी तोच घेतला. बॅटरी छान वाचली, मीही खूश. फर्दापूरचा घाट उतरल्यावर एका मोटारसायकलवाल्याने जवळ येऊन हात केला, “ओ भाऊ, सायकल लटकून राह्यली मागे!” थांबून बघितलं तर एक पट्टा पूर्ण सैल झाला होता आणि चाक रस्त्यापासून वीतभरच वर होतं. तो माणूस काही मिनिटं माझ्या मागेच चालवत होता. सायकल सुटली असती तर त्याच्याच अंगावर गेली असती. त्याच्या मागे बायको आणि लहान मूल बसलं होतं. त्या दिवसापासून मी रेंजचा हिशोब नंतर करतो, पट्टे आधी बघतो.

निघण्याआधीची यादी

1. सायकलीची दोन्ही चाकं वेगळ्या पट्ट्याने बांधा, हलणारं हँडल आवळा.
2. एक जादा पट्टा थेट गाडीच्या मजबूत भागाला लावा. बाकीचे सुटले तरी तो धरून ठेवील.
3. पहिल्या १० किमीनंतर थांबून तपासा. मग प्रत्येक चार्जिंगला आणि घाटानंतर.
4. उन्हाने पट्टे कडक होतात. तंतू निघालेला पट्टा फेकून द्या.
5. गाडी दाखवेल त्या रेंजमधून टपासाठी २५ ते ३० टक्के आणि मागच्या रॅकसाठी १० ते १५ टक्के वजा करून पुढचा चार्जर ठरवा.
6. काम झालं की रिकामा रॅक काढून ठेवा. तोही वारा खातो.

आणि सगळ्यात सोपा मार्ग विसरू नका: मागची सीट पाडा, पुढचं चाक काढा आणि सायकल आत घाला. ती आत मावली तर रॅकची गरजच नाही. माझी एक मावते. दुसरी भावाने पुढच्या वेळी भुसावळपर्यंत रेल्वेने मागवली.