लेकुराचे लेकुरी

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी, तुंबाड नावाचे एक गाव आहे. जग बुडविण्याची प्रतिज्ञाच जणू नावात बाळगणाऱ्या त्या नदीकाठच्या या गावाची कीर्ती दोनदा दूरवर गेली : एकदा १९८७ साली, श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा. आणि पुन्हा २०१८ साली, राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी भयपट पडद्यावर आला तेव्हा. दिग्दर्शक बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लॅड'कर्ते अनिल बर्वे यांचे चिरंजीव. त्यांनी कथेचे बीज नारायण धारपांच्या एका भयकथेतून घेतले, आणि पेंडशांच्या कादंबरीतून घेतले ते केवळ गावाचे नाव. परंतु गावाचे नाव उचलले म्हणजे त्या गावाच्या मातीत मुरलेला इतिहासही मुळासकट वर येतो. शीर्षकातून 'खोत' हा शब्द गळाला असला, तरी खोतांच्या वाड्याची सावली या चित्रपटावर अखेरपर्यंत पडलेली आहे, असे मला तो पाहताना सारखे वाटत राहिले.

कथा बाप, मुलगा आणि राक्षस यांची आहे. १९१८ साली तुंबाडात एक विधवा स्त्री वाड्यातील वृद्ध 'सरकारां'ची सेवा एका सुवर्णमुद्रेच्या आशेने करीत आहे, आणि शापाने जिवंत राहिलेल्या एका भयंकर म्हातारीला घरातील अंधाऱ्या खोलीत साखळदंडांनी बांधून पोसते आहे. ती म्हातारी जागी झाली, की तो राक्षस, हस्तर, येईल असे भय घालून तिला निजवावे लागते. आपल्याकडे बागुलबुवाच्या नावाने पोरांना निजवितात, तसेच. त्या विधवेचा मुलगा विनायक पुण्यास जातो, पण ते सोने त्याला विसरवत नाही. पंधरा वर्षांनी, १९३३ साली, तो परत येतो, गुप्त स्थान शोधून काढतो, आणि भूमीच्या गर्भात उतरून पिठाच्या बाहुलीच्या आमिषाने हस्तरच्या लंगोटीतील मोहरा काढण्याची विद्या हस्तगत करतो. १९४७ साली हीच विद्या तो पायाने अधू असलेल्या आपल्या मुलाला, पांडुरंगाला, शिकवितो. सुतार आपल्या पोराच्या हाती रंधा देतो, तितक्याच सहजतेने हा बाप मुलाच्या हाती दोर देऊन त्याला त्या विवरात उतरवितो.

हस्तरची दंतकथा चित्रपटकारांनी रचलेली आहे. कोणत्याही पुराणात ती नाही. पूर्तीच्या देवीचा हा ज्येष्ठ आणि लाडका पुत्र आईजवळचे सारे सोने घेतो, आणि मग धान्यालाही हात घालतो, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला आपल्या उदरात लपवून वाचविते. सोने त्याच्याजवळ राहते, अन्न त्याला मिळत नाही. म्हणून युगानुयुगे भुकेलेला तो राक्षस पिठाच्या एका बाहुलीसाठी मोहरांवरचे लक्ष हरवितो. कोकणाचा महसुली इतिहास ज्याने थोडाबहुत वाचला आहे, त्याला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. धान्य आणि सोने यांच्यामधील ज्या वैराची ही कथा आहे, ते वैर कोकणात कित्येक पिढ्या कागदोपत्री, सरकारमान्य रीतीने आणि सनदशीर चालत आलेले होते. त्याचे नाव खोती.

खोत हा मुळात गावचा वसूल करून सरकारात भरणा करणारा मक्तेदार. आदिलशाही अंमलातही कोकणात खोत होते, आणि मराठी राज्यात व पेशवाईत मक्त्याचे वतन होत गेले. सरकारशी दरसाल कबुलायत करावी, ठरलेला सारा भरावा, आणि रयतेकडून त्याहून जे अधिक हाती येईल ते 'खोती फायदा' म्हणून आपल्या घरी ठेवावे, असा तो व्यवहार होता. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांनी ओसाड जमिनी लागवडीस आणल्या, खाऱ्या पाण्याला बांध घालून खाजणे पिकविली आणि कुळे वसविली, हे न सांगणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याच्या आजोबाने बांध घातला, त्याच्या नातवाने त्या बांधावर बसून केवळ वाटा मोजावा, अशी स्थिती आल्यावर मूळ पुरुषार्थाचे पुण्य फार दिवस पुरत नाही.

भाताचा निम्मा आणि नाचणी-वरीसारख्या वरकस पिकाचा तिसरा हिस्सा, ही अर्धेली कुळांकडून घेण्याची रूढ वाटणी. पीक शेतात उभे असतानाच खोताच्या माणसांनी नजरेने त्याचा अंदाज करावा, याला अभावणी म्हणत. आणि एकदा अंदाज ठरला, की पुढे पावसाने झोडपले काय किंवा किडीने खाल्ले काय, कुळाला त्या आकड्यातून सुटका क्वचितच मिळे. याखेरीज वेठ होतीच : खोताच्या शेतात फुकट नांगर धरावा, लाकूडफाटा वाहावा, सणासुदीला कोंबडे आणि भाजी पोचवावी. धान्य उतारावरचे पाणी वाहावे तसे कुळाच्या खळ्यातून वाड्याच्या कणगीत जाई, आणि तेथून बाजारात जाऊन त्याचे नाणे होई. कुळाचा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाऊन मनीऑर्डर पाठवी. तीही पुष्कळदा त्याच वाटेने वाड्यात पोहोचे. १८८० च्या खोती कायद्याने कुळांचे वर्ग आणि खोतांचे हक्क दफ्तरात नोंदवून घेतले. पण ज्या हक्काची तक्रार होती, त्या हक्काला त्यामुळे सरकारी शिक्क्याचे बळही लाभले.

वतन ही संस्था समजून घ्यावयाची, तर तिची भाषा ऐकावी. जुन्या सनदांतून वतन देताना 'लेकुराचे लेकुरी' असे शब्द येतात. कुठे 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' येतात. अशा वतनाला भोगणारा माणूस असतो तसा भोगणारा वंशही असतो, आणि पुढे तर वतनच वंशाला भोगू लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी राजाला जो सावधपणा शिकविला आहे, त्याचे मूळ हेच : वतनदाराची निष्ठा राज्याआधी आपल्या वतनाला वाहिलेली असते. खोतांच्या घराण्यात वाटण्या होत होत एका गावाचे कित्येक हिस्सेदार होत आणि वहिवाट पाळीपाळीने एकेकाकडे येई. ज्याची पाळी, त्याने त्या वर्षात घ्यावे तेवढे घ्यावे. पेंडशांच्या कादंबरीत एका खोत घराण्याचा पिढ्यानुपिढ्यांचा जो उतार चितारला आहे, तो या पाळीपाळीच्या भोगाचाच उतार आहे. चित्रपटासाठी तुंबाडचा वाडा म्हणून जो दाखविला आहे, तो सासवडचा जुना पुरंदरे वाडा, म्हणजे कोकणातला नसून देशावरचा. पण वतनदारांच्या वाड्यांना घाटाचे अंतर फारसे जाणवत नाही.

कोकणच्या लोकसमजुतींनी या भोगाचे एक भूत फार पूर्वीच ओळखले होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन १९०९ साली अनंत कान्हेरे यांच्या गोळीने मारला गेला. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची जी माहिती मागविली होती, ती पुढे एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने संपादित केली, आणि कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. अशा माहितीत भुतांच्या ज्या अनेक जाती भेटतात, त्यांत समंध हा विशेष लक्षणीय आहे. धनाची वासना न सुटता आणि मागे वारस न ठेवता जो मेला, तो समंध होऊन आपल्या ठेव्यावर बसतो. स्वतः भोगत नाही, दुसऱ्यास भोगू देत नाही. पुरलेल्या धनावर भुजंग असतो, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे ते धन दिसते, त्यासाठी बळी द्यावा लागतो, या समजुती त्याच कुळातल्या. आणि त्यांतील शेवटची इतकी चिवट, की नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. परंतु समंधाच्या कल्पनेत एक दिलासा दडलेला आहे. तेथे भूत होतो तो निपुत्रिक. पुत्र असता तर वासना त्याच्या स्वाधीन करून तो सुटला असता, असे समजुतीने गृहीत धरले आहे. 'तुंबाड'ने हा दिलासाच काढून घेतला. विनायकाला पुत्र आहे, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर आहे. येथे वासना सुटत नाही. ती फक्त नावावर चढते.

विनायक तुंबाडला परततो ते वर्ष १९३३. चित्रपटकारांनी ते जाणून निवडले की नाही, याला महत्त्व नाही. कोकणात त्या वर्षी दुसरेही काही घडले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. गिरणी कामगारांनी यंत्र बंद ठेवावे, तशी या शेतकऱ्यांनी जमीनच बंद ठेवली : खोतांची शेते पिकवावयाचीच नाहीत. जो वर्ग पिकावर जगतो त्याने पीक नाकारणे म्हणजे आपल्याच मुलांच्या तोंडचा घास थांबविणे होय. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून, अर्धपोटी राहून त्या गावांनी सहा वर्षे, १९३९ पर्यंत, हा संप चालविला. हस्तरचे सारे सामर्थ्य त्याच्यापुढे टाकल्या जाणाऱ्या पिठाच्या बाहुलीवर टिकलेले असते. चरीच्या कुळांनी बाहुली टाकणेच थांबविले. या लढ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे खोतीच्या मुलुखातलेच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. तथापि १९३९ साली कुळकायदा आला, आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने १५ मे १९५० पासून खोती इतिहासजमा झाली.

चित्रपटातही १९४७ साली नवे सरकार तुंबाडचा वाडा ताब्यात घेण्यास सिद्ध होते, आणि बाप उतावळा होऊन एकदाच सारे लुटावयास निघतो. येथे कथा आणि दफ्तर अगदी हातात हात घालून चालतात. मात्र सरकारचे स्वतःचे मनही सोन्याविषयी निरिच्छ कधीच नव्हते, याची आठवण ठेवावी : १८७८ च्या कायद्यान्वये, जमिनीत लपलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरास वर्दी देणे बंधनकारक होते. वाड्यातील वृद्धालाही चित्रपटात 'सरकार' याच नावाने संबोधावे, यात विनोद आहे आणि सत्यही आहे.

कायद्याने वतन संपते ते वरून, वतनदाराच्या हातातून काढून घेऊन. पण ज्याच्या हातातून काढून घेतले, त्याच्या मनातील भोगाचे काय, या प्रश्नाला राजपत्रात उत्तर नसते. कोकणातील कित्येक वाड्यांत खोती गेल्यानंतरही खोतपणा दीर्घकाळ नांदत राहिला. सनदेतील 'लेकुराचे लेकुरी' या शब्दांना पुरे व्हावयास दोन माणसे लागतात : देणारा बाप आणि घेणारा मुलगा. कायदा पहिल्याला गाठू शकतो. दुसऱ्याला तो गाठू शकत नाही. चित्रपटाच्या अखेरीस विनायक स्वतः शापित होऊन, माणूसपणाची ओळख पुसलेल्या देहाने, मोहरांनी भरलेली हस्तरची लंगोटी मुलापुढे धरतो. आयुष्यभर हीच विद्या शिकलेला, लोभाच्या धड्यांत बापाहून सरस ठरलेला तो अधू पोरगा ती घेत नाही. तो बापाला अग्नी देतो. आणि देताना, म्हातारीला निजविण्यासाठी आजी जे भय घाली, तेच आता तो बापाला घालतो : झोप, नाही तर हस्तर येईल. पिढ्यान्‌पिढ्या थोरांनी लहानांना ज्या शब्दांनी निजविले, त्या शब्दांनी या घरात प्रथमच लेकराने बापाला निजविले.