मोर्चा-पहारा

वेढ्याच्या युद्धात किल्ल्याच्या दिशेने खणत नेलेल्या चरांचे रक्षण करणारी पायदळाची तुकडी आणि तिची पाळी. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंच सैन्यात तिला ‘गार्द द त्रांशे’ म्हणत. युरोपातील इतर सैन्यांची या विषयाची परिभाषा बरीचशी याच वळणाची आहे. तटाभोवतीचा खंदक निराळा, तो किल्लेदाराचा. चर वेढा घालणाऱ्यांचा. शिवाय ही तुकडी म्हणजे चार पहारेकरी नव्हेत. किल्ल्यातली शिबंदी बाहेर पडून तुटून पडली, तर तिला रेटून मागे घालवील एवढी ती फौज असे.

पहिली कुदळ पडे ती बहुधा रात्री. त्याला ‘चर उघडणे’ म्हणत. खणायला जिथून सुरुवात झाली ते चराचे ‘शेपूट’, किल्ल्याकडे सरकणारे टोक म्हणजे ‘डोके’. पहाऱ्यावर जाणे म्हणजे ‘चर चढणे’, बदली देणे म्हणजे ‘चर सोडवणे’. पाळी साधारण चोवीस तासांची. शत्रूच्या बाजूचाही एक शब्द आहे, ‘चर साफ करणे’: शिबंदीने अचानक बाहेर पडून पहारा उधळायचा, खणणाऱ्यांना पळवायचे, मातीचा बांध पाडून चर बुजवायचा आणि तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी करायच्या. पहाऱ्याची खरी परीक्षा हीच.

खणणारे आणि राखणारे यांची वाटणी काटेकोर होती. खणणाऱ्याच्या हातात कुदळ-फावडे, बंदूक बाजूला. त्यामुळे छापा आला की तो निरुपयोगी. पहारेकऱ्यांना मात्र दाटीने उभे राहायला जागा हवी, आणि किल्ल्याकडे नागमोडी जाणाऱ्या अरुंद चरात ती मिळत नसे. व्होबाँ या फ्रेंच अभियंत्याने १६७३ मध्ये मास्त्रिख्टच्या वेढ्यात यावर तोड काढली. तटाला समांतर असे लांब-रुंद चर काढून त्यांत पहाऱ्याची फौज ठेवली. या समांतर चरांना तो ‘प्लास दार्म’, म्हणजे शस्त्रसज्ज फौजेची जागा म्हणे. पंधरवड्याच्या आत शहर शरण आले. तरी पहाऱ्याचे काम सोपे झाले असे नाही: याच वेढ्यात जिंकलेले एक बाहेरचे ठाणे डच शिबंदीने उलटून परत घेतले, आणि ते सोडवताना मस्केटियरांचा सेनानी दार्तान्याँ मारला गेला. ड्यूमाच्या कादंबरीतला नायक याच्यावरच बेतलेला. पहाऱ्याचे संख्याबळ शिबंदीच्या निदान तीन-चतुर्थांश असावे, असा ठोकताळा पुढे वेढ्यांवरील पुस्तकांत रूढ झाला.

चर उघडण्याचा थाटही असे. १६४७ मध्ये स्पेनमधील येइदा येथे कोंदेच्या राजपुत्राने व्हायोलिनच्या सुरांवर चर उघडवला. किल्ला मात्र हाती आला नाही आणि वेढा उठवावा लागला. बांधावरून डोके वर काढण्याची किंमत राजालाही चुकत नसे. १७१८ च्या हिवाळ्यात नॉर्वेतील फ्रेड्रिकस्टेन किल्ल्यासमोर स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स रात्री चरातून खणण्याचे काम पाहत असताना डोक्यात गोळी लागून ठार झाला.

मराठी कागदपत्रांत वेढ्याच्या अशा कामांना ‘मोर्चे’ हा शब्द येतो: मोर्चे लावणे, मोर्चे पुढे नेणे, मोर्चे उठवणे. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसईच्या तटापर्यंत मोर्चे भिडवून सुरुंग उडवले, आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला.

सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात (१८५४-५५) ब्रिटिश व फ्रेंच पलटणी कडाक्याच्या थंडीत अशाच पाळ्या करत होत्या. २२ मार्च १८५५ च्या रात्री रशियन शिबंदीने मोठा छापा घातला. चरांत हातघाईची लढाई झाली, आणि पहाऱ्याने तो परतवला.