एका दुखण्याची पाच बारशी

१३ जुलै १९५५ रोजी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर यांना आजारी पडल्यामुळे दाखल करून घ्यावे लागले. पुढच्या बारा दिवसांत सत्तरहून अधिक कर्मचारी अंथरुणाला खिळले आणि रुग्णालयच बंद करण्याची वेळ आली. ते पुन्हा उघडले ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबरपर्यंत आजारी कर्मचाऱ्यांचा आकडा २९२ वर गेला होता. आधीपासून खाटांवर असलेल्या रुग्णांपैकी मात्र अवघ्या १२ जणांना लागण झाली.

घसा आणि डोके दुखणे, गाठी सुजणे, बारीक ताप, स्नायूंच्या वेदना, हातापायांतले बळ जाणे अशी लक्षणे होती. आधी पोलिओसारख्या आजाराची शंका आली, पण तपासण्यांत ठोस काही हाती लागेना. कोणी दगावले नाही. पण काही जण पुढे कित्येक वर्षे पूर्ववत झाले नाहीत. तोवर या दुखण्याला नाव नव्हते, म्हणून लोक त्याला ‘रॉयल फ्री डिसीज’ म्हणू लागले. हे पहिले बारसे गावावरून आडनाव पडावे तसे झाले.

दुसरे बारसे १९५६ साली ‘द लॅन्सेट’च्या अग्रलेखात झाले. पुढे इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झालेले डोनाल्ड अ‍ॅचेसन यांनी ‘बिनाइन मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव सुचवले. त्याचा अर्थ, स्नायुदुखीसह मेंदू व मज्जारज्जूचा सौम्य दाह. ‘सौम्य’ एवढ्याचसाठी, की यात मृत्यू होत नव्हता. मृत्यू नाही म्हणून शवविच्छेदन नाही, आणि शवविच्छेदन नाही म्हणून दाह डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. म्हणजे नाव पुराव्याच्या एक पाऊल पुढे गेले होते, हे मान्य केले पाहिजे. तरी त्या नावाने रुग्णाला एक गोष्ट दिली: दुखणे शरीराचे आहे, ही कबुली.

ती १९७० मध्ये काढून घेतली गेली. कॉलिन मॅकइव्हेडी आणि ए. डब्ल्यू. बिअर्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रॉयल फ्रीची साथ म्हणजे सामूहिक हिस्टेरिया होता, असे मांडले. रुग्णांना न भेटता, जुने केसपेपर वाचून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. ताप किरकोळ असून त्रास फार, तपासण्या निर्दोष आणि बायकांमध्ये प्रमाण जास्त, हे त्यांचे मुख्य मुद्दे. त्यांनी ‘मायाल्जिया नर्व्होझा’ असे नवे नावही सुचवले. विद्यार्थिनींना वैद्यकीय प्रशिक्षणासाठी १८७७ मध्ये दार उघडणारे लंडनमधले पहिले रुग्णालय ते हेच, हा योगायोग बोचणारा आहे. साथीच्या काळात तिथेच संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ असलेले मेल्व्हिन रॅम्से हे मत खोडत राहिले. वायव्य लंडनमधून असे सुटे रुग्ण साथीच्या आधीपासूनच आपल्याकडे येत होते, असे त्यांचे सांगणे होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या घरांतल्या माणसांना सामूहिक हिस्टेरिया कसा लागू करायचा? तरीही नवे मत टिकले. केसपेपर तेच, वाचणारा बदलला आणि निदान बदलले.

चौथे बारसे अमेरिकेत झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नेवाडातील इन्क्लाइन व्हिलेज या गावात अशाच रुग्णांचा पुंजका आढळला. वृत्तपत्रांनी ‘यपी फ्लू’ म्हणून त्याची थट्टा केली. १९८८ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ ही व्याख्या ठरवली. कारण माहीत नाही, तर लक्षणावरून नाव द्यावे, हा विचार प्रामाणिक होता. पण ‘थकवा’ कोणाला नसतो? आपल्याकडेही दमलेल्या माणसाला चहा देतात, सुट्टी नाही देत. या शब्दाने आजार रोजच्या कुरकुरीच्या रांगेत नेऊन बसवला.

आणि नावामागोमाग उपचार आले. दुखणे श्रमाच्या भीतीतून आणि पडून राहण्यातून टिकते असे मानले, की टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवणे हा उपाय ठरतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये तशी शिफारस केली. रुग्ण मात्र सांगत होते, की थोड्या श्रमानंतरही, कधी दुसऱ्या दिवशी, सगळेच बळावते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हेच लक्षण केंद्रस्थानी आणून पाचवे नाव सुचवले: ‘सिस्टेमिक एग्झर्शन इन्टॉलरन्स डिसीज’, म्हणजे श्रम न सोसण्याचा सर्वांगीण विकार. ते नाव रुजले नाही, पण मुद्दा रुजला. २०२१ मध्ये ‘नाइस’ने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली.

या आजाराची खात्री देणारी सर्वमान्य रक्ततपासणी आजही नाही. निदान होते ते रुग्णाची हकीकत ऐकून आणि इतर आजार वगळून. त्यामुळे हकीकत ऐकायला कोण बसले आहे, याला इथे प्रयोगशाळेइतकेच महत्त्व येते. १९७० चा निबंध आणि २०१५ चा अहवाल यांतला मुख्य फरक नव्या यंत्राचा नव्हता. पहिल्यात रुग्णाचे कागद वाचले गेले. दुसऱ्यात, श्रमानंतर काय होते हे रुग्णाने सांगितलेले पुरावा म्हणून धरले गेले.