टेरिलीन महाग होतं तेव्हा

मंडळी, आज तुर्भ्याच्या बाजारात शर्ट घ्यायला गेलात तर स्वस्तातला बहुधा पॉलिएस्टरचा निघतो. 'प्युअर कॉटन' म्हटलं की आपण दोन पैसे जास्त मोजतो. साठ वर्षांपूर्वी हे गणित उलटं होतं.

पॉलिएस्टरचा धागा 1941 साली इंग्लंडमध्ये तयार झाला. तिथलं नाव टेरिलीन. 1960च्या दशकात तो 'टेरीन' म्हणून आपल्याकडे बनू लागला, तोही इथेच, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, 'केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया'च्या कारखान्यात. टेरिकॉटची पँट म्हणजे लग्नकार्याचा कपडा! सुती कपडा रोजचा.

महाग का होतं? माल कमी, आयातीवर बंधनं, वर जबर उत्पादन शुल्क. पुढे 1982मध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा कारखाना आला, 1985च्या वस्त्रोद्योग धोरणानं करांचा बोजा हलका केला. कापड स्वस्त झालं, तसा त्याचा रुबाबही गेला.

आता बघा, पॉलिएस्टर चुरगळत नाही आणि घामही टिपत नाही. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. बदलली ती किंमत, आणि तिच्याबरोबर आपलं मत. ती किंमत ठरवली होती टंचाईनं आणि करानं. आपण तिला दर्जा समजलो.