पदरातली वीज

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने वाचून दाखवलेली एक हकिगत मनात घर करून बसली आहे, तीच भगिनींना सांगते. आपल्या चालण्या-वाकण्याने अंगावरच्या कापडातून वीज निघावी, ह्या खटाटोपाची ती हकिगत आहे.

नवल वाटू देऊ नका. माझे माहेर घाटावरचे. तिथे थंडीत नायलॉनची साडी सोडताना चटचट आवाज होई, अंधारात ठिणगीही दिसे. आई म्हणे, काही नाही, कापडातली वीज आहे. हा गुण माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तृणमणी लोकरीवर घासला की वाळके गवत ओढून घेतो, हे ग्रीक लोकांना सुमारे २६०० वर्षांपूर्वी माहीत होते. तृणमण्याला ते 'इलेक्ट्रॉन' म्हणत. विजेचे इंग्रजी नाव त्यावरूनच आले.

मुंबईला मात्र ही वीज नकोशी होती. माझे सासरे १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. ते सांगत, सूत कातण्याच्या खात्यात हवा कोरडी पडली की तंतू फिसकारत, धागा तुटे. म्हणून हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडीत. ओलावा आला की कापडातली वीज निघून जाते.

वीज काढण्याचा दुसरा मार्ग १८८० साली पॅरिसमध्ये सापडला. झाक आणि पिएर क्यूरी ह्या भावांनी दाखवले की, काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. ह्या पिएरशीच पुढे मेरीबाईंचे लग्न झाले. आपण गॅसचा लायटर खट्ट करतो तेव्हा आतली लहानशी हातोडी अशाच खड्यावर आपटते आणि ठिणगी पडते. म्हणजे क्यूरी बंधूंची विद्या आपण रोज चहाच्या वेळी वापरतो! १९५६ साली जपानच्या फुकाडा ह्यांनी रेशमाच्या धाग्यातही हा गुण थोडा असल्याचे दाखवून दिले.

कापडाची खरी सुरुवात २००८ साली झाली. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत झोंग लिन वांग ह्यांनी धाग्यांवर जस्ताच्या ऑक्साइडचे केसाहून बारीक तंतू उगवले. असे दोन धागे एकमेकांवर घासले की किंचित वीज निघे. पण अडचण आपल्या ओळखीचीच निघाली: ओलाव्याने ते तंतू बिघडत, म्हणजे कापड धुतले की संपले! २०१२ साली वांग ह्यांनीच घासण्याच्या जुन्या विजेकडे मोर्चा वळवला. दोन निराळ्या जातीची कापडे टेकून दूर झाली की एक वीज देते, दुसरे घेते. नायलॉन देणारे, नॉनस्टिक तव्यावरचा टेफ्लॉनचा लेप घेणारा. २०१६ साली ऊन आणि हालचाल ह्या दोन्हींतून वीज काढणारे कापडही त्यांच्या मंडळींनी विणले.

आता हिशेब पाहा. २००८ चा अंदाज असा होता की, एक चौरस मीटर कापडातून फार तर ८० मिलीवॅट मिळतील. साडी सुमारे सहा चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा वॅट. घरातला ९ वॅटचा दिवा लावायला अठराजणींना एकदम फुगडी घालावी लागेल. मंगळागौरीला करून पाहायला हरकत नाही!

हसण्यावारी नेते, पण २६ जुलै २००५ ची रात्र मी विसरलेले नाही. सांताक्रूझला त्या दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वाकोल्याचा नाला फुगून रस्त्यावर आला, दिवे गेले, फोन बंद पडला. आमचे हे दादरहून रात्रभर पाण्यातून चालत होते, सकाळी घरी पोचले. मी मेणबत्ती जपून जपून लावीत होते. अर्ध्या वॅटमध्ये तेव्हा एक लहान दिवा लागला असता, फोन थोडा भरला असता. पण ह्यांच्या अंगावरचे कपडे चिंब होते. गरज पडली ती पावसात, आणि ही वीज पळते ती ओलाव्याने.

आता शास्त्रज्ञ धाग्यांना पाणी न शिरणारा लेप देऊन पाहत आहेत. मला एवढेच वाटते की, ह्या कापडाची परीक्षा वाकोल्यात घ्यावी. जुलैच्या पावसात भिजवावे, मोरीत आपटावे, पिळावे, दोरीवर वाळत घालावे. मग जर त्याने दिवा लावला, तर ते खरे कापड.